लाल बटण कोणत्या हाताला?

लुळ्या हाताला बांधून व्यायाम करून घेणाऱ्या, घरी वापरायच्या पुनर्वसन रोबोटवरच्या एका लेखात सुरक्षिततेची सगळी भिस्त आणीबाणीच्या लाल बटणावर ठेवली आहे. पण पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला आणि बटणही उजवीकडेच, तर ते असून नसल्यासारखं. ते चांगल्या हाताखाली हवं. शिवाय दाबल्यावर मोटर सैल सुटते की जागीच अडकते, हे रुग्णाला बांधण्याआधी बघून घ्या. सैल सुटली तर हात धपकन खाली येतो आणि आधीच कमकुवत खांदा दुखावतो. अडकली तर हात सोडवणार कसा? वीज गेली की हाच प्रश्न.

यंत्राचा सांधा कोपराच्या रेषेत नसेल तर पट्टा कातडी ओढतो. संवेदना गेलेल्या हाताला ते कळतही नाही. पट्टे सोडून रोज कातडी बघा. लाली अर्ध्या तासात उतरली नाही तर पुढचं सत्र नको.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार अपुऱ्या सूचनांसाठीही उत्पादक जबाबदार धरता येतो. पण पुरावा, म्हणजे सत्राची नोंद, बहुधा कंपनीच्याच सर्व्हरवर! तिची प्रत मिळण्याची अट पैसे देण्याआधीच लेखी घ्या.