औषध अंगावर पडलं तर मिठाचं पाणी नको, गाडी काढा

काल भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला, "फवारणीची विषबाधा घरच्या घरी उतरवा", आणि या वेळी टाकला सख्ख्या मामीनं, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. म्हणून लिहितोय. मेसेजात काय, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, मग तूप नाहीतर दूध द्या, आधीच दूध पिऊन गेलं तर बाधतच नाही, आणि बाटलीच्या लेबलावर लाल त्रिकोण असलेली सोडून बाकीची औषधं निर्धास्त मारा.

मिठाच्या पाण्याचंच आधी बोलू. अहो, बागेत औषध मारणाऱ्याच्या पोटात काही गेलेलंच नसतं, ते जातं कातडीतून आणि श्वासातून! तासगावला मागच्या छाटणीनंतर द्राक्षावरच्या उडद्या किडीसाठी मारताना ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) बंद पडला म्हणून माझ्या चुलतभावानं पाठीवरचा पंप घेतला, तो गळत होता, शर्ट पाठीला चिकटला तरी गड्यानं चार वाजेपर्यंत तसंच ओढलं. संध्याकाळी तोंडातून लाळ, घामानं निथळतोय, डोळ्याच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. आणि दारात एकजण तांब्याभर मीठपाणी घेऊन उभा. काय काढणार होता पोटातनं? अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं फुफ्फुसात जातं. कुणी औषध पिलं असेल तर उलटी काढताना त्यातलं सॉल्व्हंटपण (औषध ज्यात विरघळवलेलं असतं ते) तिकडंच उतरतं, आणि जास्त मिठानं झटके येतात ते वेगळंच.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडतात, मग लाळ, घाम, कफ थांबतच नाही आणि माणूस कफानं गुदमरतो. 1995 ला टोकियोच्या मेट्रोत सोडलेला सरीन वायू याच गटातला. याला उतारा म्हणजे ॲट्रोपिनचं इंजेक्शन, ते दवाखान्यातच मिळतं, तुपाच्या वाटीत नाही. 2017 ला यवतमाळकडं कपाशी फवारताना 20 च्या वर माणसं गेली, ते विसरलो का आपण?

दुधाचं काय, आधी प्या नाहीतर नंतर, कातडीतून जाणारं विष त्यानं अडत नाही. त्रिकोणाचं म्हणाल तर पिवळ्यावरपण विष असंच छापलेलं असतं, निळ्यावर धोका.

एक गोष्ट मेसेजात बरोबर आहे, मान्य करतो, कपडे काढून साबणानं आंघोळ घाला म्हणलंय. घालाच, पण लगेच, आणि घालणाऱ्यानं हातमोजे घालून. मग 108 नाहीतर मिळेल ती गाडी.

आणि बाटली सोबत न्या. आम्ही नेली नव्हती. डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, कारण प्रत्येक औषधाला ॲट्रोपिन चालत नाही, पॅराक्वाटसारख्या तणनाशकाला तर उताराच नाही. बाटलीबरोबरच्या घडीच्या कागदावर लक्षणं, प्रथमोपचार, उतारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. सांगलीहून रात्री पोरगं मोटरसायकलवर बागेत परत पाठवलं, मोबाईलच्या उजेडात बांधावर बाटली शोधायला. भाऊ वाचला. मामी, तो मेसेज डिलीट करा आणि तुमच्या शेडातल्या बाटल्यांचे ते कागद आजच भिंतीला चिकटवा.