बैलाला अक्कल नसते म्हणे!

खांदशेकणीच्या संध्याकाळी आमच्या गावात बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून त्याला सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." यंदा नेमक्या त्याच संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला आणि पोळा फुटेपर्यंत तालुकाभर फिरला. मजकूर थोडक्यात असा: हत्यार फक्त माणूस वापरतो. ज्याचा मेंदू मोठा त्याला अक्कल जास्त. जनावर हुशार दिसलं तर ती धन्याची शिकवण. बाकी सगळी उपजत प्रेरणा, विचार शून्य. खाली नेहमीचं शेपूट, 'विज्ञानाने सिद्ध केलेले'.

मग विज्ञानच पाहू.

हत्याराची गोष्ट १९६० सालीच निकालात निघाली. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडाल यांनी एका चिंपांझीला वारुळाच्या भोकात गवताची काडी घालून वाळवी बाहेर काढून खाताना पाहिलं. पुढे तर चिंपांझी डहाळीची पानं ओरबाडून काडी तयार करतानाही दिसले. २००२ साली ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली खाऊची छोटी बादली वर ओढली. हा न्यू कॅलेडोनिया बेटावरचा कावळा. आपल्याकडचा नव्हे.

मेंदूच्या आकाराचं फार बोलायला नको. हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास, आपला दीड किलोही भरत नाही. मग ग्रामपंचायत हत्तीच्या हाती द्यावी लागेल. कावळ्याचा मेंदू काही ग्रॅमचा, पण त्यात पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात.

'धन्याची शिकवण' या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, पण त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा बर्लिनच्या हान्स घोड्याचा. बेरजा-वजाबाक्या विचारल्या की हा घोडा खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ साली मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंगस्ट यांनी छडा लावला. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि घोडा तिथेच थांबायचा. म्हणजे गणित येत नव्हतं, हे कबूल. पण डोकं हलतंय हे खुद्द मालकालाही माहीत नव्हतं, ते घोड्याने हेरलं होतं. ते त्याला कुणी शिकवलं?

आता उपजत प्रेरणा. इथे मी आमच्या सर्ज्याला साक्षीला उभा करतो. गोठ्याच्या फाटकाला उचलायची लोखंडी कडी होती. सर्जा फाटकाला मान घासायचा, त्यात एकदा कडी उचलली गेली आणि गडी थेट हरभऱ्यात. महिन्याभराने तो मान घासायच्या भानगडीत पडेना, नाकाड सरळ कडीखाली. मी आडवी सरकवायची कडी बसवली. दोन दिवस तो तीही वर उचलत राहिला. तिसऱ्या दिवशी जिभेने बाजूला ओढू लागला.

याला मी 'विचार' म्हणणार नाही. प्राण्यांच्या वागण्याचे ब्रिटिश अभ्यासक लॉईड मॉर्गन यांच्या टोनी नावाच्या कुत्र्यानेही असंच, चुकतमाकत, फाटकाची कडी उघडायला शिकून घेतलं होतं. साध्या शिकण्याने उलगडा होत असेल तर वरच्या बुद्धीचं नाव घेऊ नये, असा नियम याच मॉर्गन यांनी १८९४ साली घालून दिला. तो मला पटतो. म्हणूनच 'वानरं बुजगावण्याला चौथ्या दिवशी भीत नाहीत, केवढी हुशार!' हे आपल्या कास्तकारांचं कौतुकही मी धरत नाही. ती नुसती सवय, गोगलगायीलाही होते. पण मेसेजवाल्याला एवढंच विचारतो, बैलाच्या रक्तात फाटकाची कडी कुठून आली?

केंब्रिजमधल्या एका प्रयोगात कालवडींना पाटी दाबून खाद्याचं फाटक उघडायला शिकवलं. काही कालवडींना तेच खाद्य काही न करता मिळायचं. २००४ साली छापलेला निष्कर्ष असा की ज्यांना युक्ती जमत चालली, त्यांच्या काळजाचे ठोके जमण्याच्या वेळी जास्त वाढले आणि त्या जास्त जोमाने खाद्याकडे गेल्या. खाणं दोघींकडे सारखंच होतं.

आणि तहानलेल्या कावळ्याची गोष्ट? २००९ साली केंब्रिजमध्येच रूक जातीच्या कावळ्यांपुढे नळीत पाणी आणि पाण्यावर तरंगती अळी ठेवली. त्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं, मोठे खडे आधी उचलले. पाण्याऐवजी भुसा असलेल्या नळीत खडे टाकणं वाया जातं, हेही ते शिकले. हे पक्षी जंगलात हत्यार वापरत नाहीत, म्हणजे 'उपजत' म्हणायचीही सोय नाही. तसंही, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की आपण 'पोरीचं लग्न करून देऊ, वावर विकणार नाही' अशी बोलणी कुणाशी करतो?

सर्ज्याच्या फाटकाला आता मी तार पिळून बांधतो. पंधरा दिवस झाले. रोज संध्याकाळी तो येऊन पिळाला जीभ लावून जातो. काल तारेचं एक टोक सुटलेलं दिसलं.