आकडी म्हणजे काय गं?

आज दुपारी ज्या घरातनं उठून आले ना, तिथलं एक वाक्य अजून कानातनं जात नाहीये. रात्रीचे साडेदहा झालेत, भाकरी झाल्या, भांडी झाली, पोरं झोपली, तरी जात नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या ओळखीतल्या एका ताईचा मुलगा गेला. १९ वर्षांचा. हायवेला गाडीवरनं येत होता. आज पाचवा दिवस. घरात सांत्वनाची प्रार्थना होती, बायका खाली सतरंजीवर, पुरुष बाहेर मांडवात, वर पंखा नुसता गरम हवा फेकतोय. आणि बाहेरगावहून आलेले एक जण उभे राहिले, बायबलमधलं ९१ वं स्तोत्र उघडलं, तुझ्या बाजूस सहस्र पडले तरी ते तुला भिडणार नाही, आणि मग त्या आईकडं बघून म्हणाले, ज्या घरात रोजची कौटुंबिक प्रार्थना बंद पडते तिथं सैतानाला दार उघडं मिळतं.

पाचव्या दिवशी. आईच्या तोंडावर.

ती रडली पण नाही ओ. तिनं नुसता पदर तोंडात धरला आणि भिंतीकडं तोंड केलं. आणि आम्ही सगळ्या आमेन म्हणालो. मी पण म्हणाले. सवयीनं गेलं तोंडातनं. त्याचाच राग जास्त येतोय.

मला हे वाक्य नवीन नाही, म्हणून इतकं लागलं. मी सहावीत असताना आमचे बाबा गेले. चादरीच्या कारखान्यात होते, छातीचा आजार झाला, वर्षभर खोकून खोकून गेले. तेव्हा पण असंच कोणीतरी माझ्या आईला म्हणालं होतं, बाई, तुमची प्रार्थना कमी पडली. आई काही बोलली नाही. पण त्यानंतर तीन महिने ती चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेली नाही. मला आणि भावाला वेणीफणी करून, कपडे घालून पाठवायची, स्वतः दारात उभी राहायची.

आई बिड्या वळायची. सोलापुरात ज्यांच्या घरी हे काम झालंय त्यांना सांगायला नको. पानं भिजत घालायची, मांडीवर सूप, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा मारायचा. दिवसाला हजार करायच्या तर रात्रीचे अकरा वाजायचे. तिला वाचता येत नव्हतं. त्या तीन महिन्यांत एका रात्री ती सुपातनं मान वर न करता म्हणाली, ते मेंढपाळाचं वाच. मी बायबल आणलं, तेविसावं स्तोत्र काढलं, तिच्या बाजूला फतकल मारून बसले आणि वाचलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. मला कंटाळा यायचा, दुसरं वाचू का म्हटलं की म्हणायची, नको, हेच.

एकदा ती मध्येच थांबली. 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' हे वाचलं तेव्हा. म्हणाली, आकडी म्हणजे काय गं? तीच ना, धनगराची?

मला काय माहीत. मी सहावीतली पोरगी.

मग रविवारी ती मला घेऊन गावाबाहेर गेली. तेव्हा होटगी रोडला उन्हाळ्यात धनगरांचे कळप असायचे, रानात मेंढरं बसवायचे. उन्हानं सगळं जळलेलं, जमिनीवर हिरवं म्हणून काडी नाही. एक म्हातारा धनगर बाभळीखाली उभा होता, हातात लांब काठी, टोकाला वाकडं पातं. त्यानं ते वरच्या फांदीला अडकवलं आणि जोर लावून फांदी खाली ओढली, की सगळी मेंढरं एकमेकांवर चढत शेंगा खायला. तो फांदी धरून उभा राहिला, त्यांचं खाऊन होईपर्यंत. दंडाच्या शिरा टरारून वर आलेल्या, तरी सोडली नाही. आई लै वेळ बघत होती. मग म्हणाली, बघ, ही मारायची नाही गं. मेंढराचं तोंड पोचत नाही म्हणून आहे ही.

त्याच्या पुढच्या रविवारी ती उपासनेला आली.

आता मला सांगा, हे ज्या बाईनं बघितलं तिला देवाची सुरक्षितता म्हणजे काय हे कळलं होतं का नाही? तिचा नवरा परत आला नाही. बिड्या सुटल्या नाहीत. बोटं शेवटपर्यंत पिवळी होती. पण ती खचली नाही. कारण ते स्तोत्र कुठंच म्हणत नाही की दरी लागणार नाही! मृत्युच्छायेच्या दरीतून मी जात असलो तरी, असं म्हणतं. जात असलो तरी!! आणि एक गोष्ट मला मोठेपणी लक्षात आली, वाचून बघा आजच. सुरुवातीला दावीद, ज्याचं हे स्तोत्र, तो देवाला 'तो' म्हणतोय. तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. दरी आली की एकदम 'तू' म्हणतो. तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाबद्दल बोलत होता, अंधारात शिरला आणि देवाशी बोलायला लागला. मला सगळं प्रेम त्या एका 'तू' मध्ये दिसतं. माझी आई विधवा झाली तेव्हा तिला 'तू' म्हणायला दुसरं कोण उरलं होतं.

आणि ९१ वं स्तोत्र म्हणाल तर, मलाही ते तोंडपाठ आहे, मलाही ते प्रिय आहे. पण बायबलमधला मत्तयाचा चौथा अध्याय वाचा की. तेच स्तोत्र येशूला कोणी ऐकवलं? सैतानानं. मंदिराच्या टोकावर उभं करून, खाली उडी टाक, दूत तुला झेलतील. म्हणजे वचन तेच, पण कोण कशासाठी वापरतोय ते बघायला नको का? पोर गेलेल्या आईला ते ऐकवणं म्हणजे काय आहे मग?

हो, येशूनं 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' असं म्हटलंय, माहितीये मला, कमेंटमध्ये कोणीतरी टाकणारच. खरंय ते. पण ते बऱ्या झालेल्या बाईला म्हटलंय. त्याचा मित्र लाजर मेला, येशू त्याच्या गावी गेला तेव्हा काय केलं? लाजराची बहीण मार्था काय म्हणाली, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. दुसरी बहीण मरीया पण तेच म्हणाली. सरळ तक्रार होती ती. तो रागावला का त्यांच्यावर? तुमची प्रार्थना कमी पडली म्हणाला का? येशू रडला. दोन शब्दांचं वचन आहे ते. आणि पाच मिनिटांत लाजराला उठवणार होता तरी रडला.

आपण पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. मी दरवेळी खिडकीतनं बघते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायकांसाठी काढलेलं, तिथं आहे. दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली, मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला, लग्नाला दोन वर्षं पण झाली नव्हती. आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. त्या काळात त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरनं आपल्या मराठीत बायबल आणत होत्या, साध्या बायकांना कळेल असं. लेकीला पुरून आलेली बाई परत त्याच कामाला बसली. कोणाची छाती आहे का त्यांना म्हणायची, बाई तुमचा विश्वास कमी पडला?

जाऊ दे. जास्तच चढला आवाज.

हे पण मान्य करते की आज जे बोलले ते वाईट मनानं बोलले नसतील. रात्री अपरात्री लोकांच्या घरी धावून जातात, दवाखान्यात बसतात, ऐकलंय मी. असेल. पण बायबलमधल्या त्या इयोबाचे, ज्याचं सगळं गेलं, त्याचे मित्र पण आधी चांगलेच होते ना, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं तिथं सगळं बिघडलं.

सगळे गेल्यावर मी थांबले. ताई तशीच भिंतीकडं तोंड करून. मला काही सुचेना. मी पर्समधनं आईचं बायबल काढलं, तेच, बिड्यांच्या वेळचं. तेविसावं स्तोत्र उघडलं की पानाच्या शिवणीत अजून तंबाखूचा भुगा सापडतो, आई जाऊन नऊ वर्षं झाली तरी मी झटकला नाही. वाचू का म्हटलं. तिनं मान पण हलवली नाही. मी हळू आवाजात वाचलं, समजावलं नाही, प्रार्थना पण केली नाही. आकडीपाशी आले तेव्हा तिनं हात मागं केला आणि माझं मनगट धरलं. लै घट्ट. पुढचं मी पाठ होतं म्हणून म्हणू शकले, डोळ्यांनी दिसत नव्हतं.

मग ती म्हणाली, परत एकदा.

पाच वेळा वाचलं. पाचव्यांदा तिला डुलकी लागली, चार दिवसांत पहिल्यांदा, असं तिची जाऊ म्हणाली.

उद्या सकाळी परत चाललेय. त्यांच्या गल्लीला चार दिवसांनी पाणी येणार आहे उद्या, सहाला येतं म्हणे, आणि घरात पाहुण्यांची गर्दी, सगळे हंडे रिकामे पडलेत. भरायला कोण येतंय का माझ्याबरोबर, ते सांगा.