आत्याची नथ आणि २५५

आतेबहिणीच्या लग्नाचा अल्बम आला, तेव्हा आत्याने सगळ्यात आधी शोधली ती स्वतःची नथ. सापडायला वेळ लागला. फोटोग्राफरने समोरून असा काही फ्लॅश मारला होता की आत्याचा चेहरा पिठूर चांदण्यासारखा उजळला होता आणि नथ मात्र नाकाला मोहरी चिकटल्यासारखी दिसत होती. तिच्या आजेसासूबाईंची नथ ती, टपोरे मोती आणि मध्ये लाल खडा. फक्त कार्याला डबीतून बाहेर येते.

"अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? जरा चमक आण हिला. मोठा करून भिंतीवर लावायचाय."

मी ऑफिसात व्हाउचरं भरतो. पण आमच्या घराण्यात कीबोर्डला हात लावणारा प्रत्येक जण कॉम्प्युटरवाला. शिवाय सोसायटीच्या कोजागिरीच्या नोटिशीवर मी एकदा चंद्र चिकटवला होता, तो आत्या विसरली नव्हती.

भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर फोटोशॉप होतं. मेन्यू धुंडाळताना 'लेन्स फ्लेअर' सापडलं. नावातच चमक! त्यात उजेड १० टक्क्यांपासून ३०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. काम आत्याचं, म्हणून थेट ३०० वर नेला. नथीच्या जागी सूर्य उगवला. इतकंच असतं तर चाललं असतं, पण लेन्स फ्लेअर म्हणजे भिंगाच्या आत उजेड इकडून तिकडे आपटून पडणाऱ्या वर्तुळांची नक्कल. त्यामुळे आत्याच्या नाकातून रंगीत कड्यांची एक माळ निघाली, फोटोच्या मधोमध गेली आणि शेवटचं जांभळं कडं व्याह्यांच्या फेट्यावर जाऊन बसलं.

कंट्रोल-झेड दाबलं. माळ गेली. सवयीने पुन्हा दाबलं, माळ परत आली. जुन्या फोटोशॉपमध्ये हे बटण एकच पाऊल मागे न्यायचं आणि दुसऱ्यांदा दाबलं की होतं तिथेच आणून सोडायचं. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून ते सुधारलं. भाच्याचा लॅपटॉप त्याच्या आधीचा. बराच वेळ व्याह्यांच्या डोक्यावर जांभळा दिवा लागत-विझत होता.

मग रीतसर शिकायला बसलो. नवा लेअर, म्हणजे फोटोवर अंथरलेला वेगळा थर, घ्यायचा, काळ्या रंगाने भरायचा, त्यावर पांढरे ठिपके काढायचे आणि लेअरचा ब्लेंड मोड 'स्क्रीन' करायचा. काळं सगळं नाहीसं होतं, फक्त उजेड उरतो. स्क्रीनच्या हिशेबात काळ्याची किंमत शून्य, खालच्या चित्रात त्याची काही भरच पडत नाही. (असा हिशेब ऑफिसात चालला असता तर!) मग त्याच लेअरची प्रत काढून गॉशियन ब्लरने पसरवायची आणि तिला सोनेरी छटा द्यायची. मधोमध पांढरं आणि कडेला रंग असल्याशिवाय डोळ्याला तो उजेड वाटत नाही, चुना सांडल्यासारखं दिसतं.

मी इमानेइतबारे प्रत्येक मोत्यावर एकेक चांदणी काढली. चांदणीला टोकं किती असावीत यालाही शास्त्र आहे. कॅमेऱ्याच्या छिद्राला पात्या सम असतील तर तेवढीच किरणं, विषम असतील तर दुप्पट. सात पात्यांना चौदा. मी आठ काढली. लांबून पाहिलं तर आत्याच्या नाकावर वेल्डिंग चाललं होतं. मग डोक्यात उजेड पडला, तोही फुकट: चांदणी हिऱ्याला शोभते, मोत्याला नव्हे. मोत्याची झळाळी मऊ असते, सायीसारखी. चांदण्या पुसल्या, एक खड्यावर ठेवली.

तरी चमकेना! खरी मेख इथेच होती. नेहमीच्या फोटोत उजेड शून्यापासून मोजतात आणि पांढऱ्याची हद्द २५५. त्याच्या पुढे पांढरं नाही. फ्लॅशने आत्याचा गालच २४० च्या घरात नेऊन ठेवलेला. उरल्या पंधरात मी काय दिवाळी करणार? उपाय एकच, आजूबाजूचं काळोखात न्यायचं. नेलं. आणि नथ अशी लखलखली म्हणता, मी एकटाच "वा!" म्हणालो.

आत्या चष्मा पुसत मागे उभी होती. "फोटो काळा का केलास? लग्न आहे का अमावास्या?"

"अगं आत्या, अंधार असल्याशिवाय चमक दिसत नाही."

"मग माझा चेहरा अंधारात घालून नथ दाखवणार का? चेहरा उजळच ठेव. आणि शालू पण."

रात्री एकपर्यंत तह चालला. शेवटी तेरा लेअरनंतर जरा बरं जमलं. आधी कसं होतं आणि आता कसं आहे ते कळावं म्हणून मी सगळ्या लेअरच्या डोळ्यांची चिन्हं एकेक करून मिटून दाखवली; डोळा मिटला की तो लेअर दिसेनासा होतो. आत्या म्हणाली, "हं." हे आमच्याकडे पसंतीचं अक्षर आहे. त्याच आनंदात फोटो सेव्ह करून स्टुडिओला पाठवला.

पंधरवड्याने जेवायला बोलावलं. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये फोटो. नथ झगमगत होती! मी जवळ गेलो, तशी विझली. मागे सरलो, पुन्हा पेटली. समोरच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटचं टोक काचेत बरोबर नथीवर पडत होतं, आणि खाली तीच मोहरी. सेव्ह करताना तेराही डोळे मिटलेलेच राहिले होते.

"बघ, आता कशी चमकतेय," आत्या व्याह्यांना म्हणाली. "तिथून नाही दिसायचं, या फरशीवर या. अरे, तो दिवा नको मालवू!"