तीस हजारांत सीतेचं लग्न

२९,७८१ रुपये १० आणे. पहिल्या ओडिया बोलपटाचा, म्हणजे 'सीता बिबाह'चा खर्च म्हणून हाच आकडा सांगितला जातो. दिग्दर्शक मोहनसुंदर देव गोस्वामी, मूळ नाटक कामपाल मिश्र यांचं, स्टुडिओची बाजू कोलकात्याच्या काली फिल्म्सकडे. २८ एप्रिल १९३६ला पुरीच्या लक्ष्मी थिएटरात लागला. ओडिशा वेगळा प्रांत झाला त्याच महिन्याच्या १ तारखेला. आपल्याकडे क्रम उलटा होता: बोलपट १९३२ला आला आणि राज्य मिळायला १९६० उजाडलं.

या सिनेमाबद्दल, आणि पुढच्या कृष्णधवल ओडिया पौराणिकांबद्दलही, एक शेरा ठरलेला असतो. 'नाटकच शूट केलंय, कॅमेरा हलतच नाही.' शेरा खोटा नाही, पण तो मारणाऱ्यांनी आधी फुटांचा हिशेब करावा, एवढंच माझं म्हणणं.

३५ मिमी फिल्म बोलपटाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमने, मिनिटाला ९० फूट जाते. दोन तासांचा सिनेमा म्हणजे १०,८०० फूट. एका शॉटला सरासरी तीन टेक धरले (हा फार कंजूष हिशेब झाला) तर ३२,४०० फूट निगेटिव्ह. आवाज वेगळ्या निगेटिव्हवर घ्यायचा, तेव्हा तितकीच फिल्म साउंड कॅमेऱ्यातून जाणार. मग रश प्रिंट (तपासायची कच्ची प्रत) आणि शेवटी थिएटरात चालवायची प्रत, दर प्रतीला पुन्हा १०,८०० फूट. वर स्टुडिओचं भाडं, सेट, लॅब. आता नटांचे आकडे बघा. सीता झालेल्या प्रभातीदेवींना १५० रुपये, राम झालेल्या माखनलाल बॅनर्जींना १२०, आदित्यबल्लभ महांतींना गाडीभाड्यापोटी ३५. तिघांचे मिळून ३०५, खर्चाच्या जेमतेम एक टक्का. पैसा माणसांवर गेलाच नाही, फिल्म आणि फ्लोअरवर गेला. अशा सिनेमात कॅमेरा हलवायचा म्हणजे ट्रॉली, तिच्या रिहर्सली, फोकस सुटला म्हणून वाया गेलेले टेक आणि प्रत्येक टेकमागे शे-दोनशे फूट. त्यापेक्षा कॅमेरा एका जागी रोवायचा आणि नटांनी फ्रेममध्ये यायचं-जायचं.

सिनेमात १४ गाणी आहेत, यावरही लोक हसतात. मला तो पक्का व्यवहार वाटतो. मोहनसुंदर पुरीचे रासवाले, म्हणजे कृष्णलीलेचे नाच-गाण्याचे खेळ करणारे. त्यांची रासमंडळी नावाजलेली होती, पुढे ओडिसी नृत्याचे गुरू झालेले केलुचरण महापात्र लहानपणी तिथेच शिकले. रासात वाढलेल्या माणसाला गाण्यात चुकायची भीती नसते, गद्य संवादात असते. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे २७० फूट, आणि ते पहिल्या टेकला पदरात पडायची खात्री संवादापेक्षा कितीतरी जास्त. १४ गाणी म्हणजे सुमारे ४२ मिनिटं, सिनेमाचा तिसरा हिस्सा. तेवढा भाग सगळ्यात कमी जोखमीचा झाला.

आवाजाची अडचण याहून अवघड होती. तेव्हाच्या थेट ध्वनिमुद्रणात माइक नटांच्या डोक्यावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर. जात्रा (तिकडचं लोकनाट्य) किंवा रास करणारा नट उघड्या मैदानात, तिन्ही बाजूंच्या गर्दीला ऐकू जाईल असा आवाज लावतो. तोच आवाज माइकसमोर लागला की ध्वनिपट्टीवरची लाट तिच्या मर्यादेबाहेर जाते, माथा कापला जातो आणि थिएटरात तो फाटका, चिरका ऐकू येतो. म्हणून वरच्या पट्टीतल्या वाक्याला नटाला दोन पावलं मागे घ्यायचं किंवा तोंड जरा वळवायला सांगायचं. जुन्या पौराणिकांत ऐन त्वेषाच्या क्षणी राजा कॅमेऱ्याकडे पाठ का फिरवतो, त्याचं एक कारण हे. आवाजाची दुसरी अडचण भाता आणि मुकुट. कमरेचा भाता प्रत्येक पावलाला खडखडतो, म्हणून बाणांच्या टोकांना आतून कापड गुंडाळायचं. पत्र्याच्या मुकुटाची झालर वाजते आणि वर दिव्यात चमकते. पुरीकडे शोला या पाणवनस्पतीच्या हलक्या गराची फुलं आणि टाहिया (डोक्यावरचे मुकुट) करतात. ती वाजतही नाहीत, चमकतही नाहीत, पण मोठ्या दिव्याजवळ गेली की कापरासारखी पेटतात.

सीतेच्या लग्नाची गोष्ट म्हटली की शिवधनुष्य आलंच. ते मोडायचं कसं, यात अनेक नवखे फसतात. अख्खा वेळू किंवा वेत घेतला तर तो तुटत नाही. आधी वाकतो, मग झटका देऊन परत येतो, आणि राम पराक्रमी न दिसता खटपट्या दिसतो. धनुष्य दोन तुकड्यांचं करायचं, मुठीच्या जागी करवतीने खाच घेऊन आत सागाची बारीक खुंटी बसवायची आणि वरून बेगड चिकटवायची. खुंटी करंगळीहून जाड नको. बेगड आधी ब्लेडने गोल चिरून ठेवायची, नाहीतर लाकूड तुटतं आणि कागद लोंबत राहतो. एक तुकडा जमिनीकडे खेचायला काळी तार, ती ओढणारा माणूस फ्रेमबाहेर. त्याची आणि रामाची वेळ चुकली तर धनुष्य रामाच्या हाताआधीच मोडतं. आणि धनुष्याचं वजन रामाने दाखवायचं नसतंच. ते आधी वाहून आणणाऱ्या दहा-बारा जणांनी दाखवायचं. त्यांनी ते हलकं उचललं की पुढचा सगळा खेळ गेला.

प्रकट होणं आणि अंतर्धान पावणं हे सगळं कॅमेऱ्यातच व्हायचं. एक चित्र विरत दुसरं उमटतं तो डिझॉल्व्ह; दोन सेकंदांचा असेल तर ४८ फ्रेम, बरोबर ३ फूट. पहिल्या शॉटच्या शेवटी ४८ फ्रेममध्ये शटर हळूहळू मिटायचं, लेन्स झाकून फिल्म ४८ फ्रेम मागे घ्यायची आणि दुसरा शॉट तितक्याच फ्रेममध्ये उघडत न्यायचा. मोजणी दहा फ्रेमने हुकली की मध्ये काळोखाचा खड्डा पडतो किंवा दोन्ही चित्रं मिळून पडदा भाजल्यासारखा पांढरा होतो. देव काळ्या मखमलीपुढे उभा करून आधीच्या शॉटवर चढवला, तर मागची भिंत त्याच्या तोंडातून आरपार दिसते. उपाय साधा: देव जिथे प्रकटणार ती जागा पहिल्या शॉटमध्येच अंधारी ठेवायची. जुन्या सिनेमांत देव बरेचदा काळोख्या कमानीत किंवा रात्रीच्या आभाळात प्रकटतात ते त्यामुळे. यात भक्ती कमी, एक्स्पोजर जास्त आहे.

त्याच १९३६ साली पुण्यात प्रभातने तुकाराम वैकुंठाला पाठवला. तुलना लगेच होते, आणि ती अन्यायाची आहे. प्रभातकडे स्वतःचा स्टुडिओ होता, पगारी माणसं होती, सेट लागेल तितके दिवस उभा राहू शकत होता. दामले-फत्तेलालांना एखादी करामत फसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येत होती. भाड्याच्या फ्लोअरवर, परक्या शहरात, हे सुख नसतं. ओडियातला दुसरा सिनेमा यायला १९४९ उजाडलं, यावरून काय ते समजा.

१९५०मध्ये 'श्री जगन्नाथ' आला आणि या विषयाची खरी अवघड परीक्षा सुरू झाली. पुरीच्या मंदिरात कॅमेरा नेता येत नाही, म्हणजे मूर्तींचं आसन, रत्नसिंहासन, सेटवरच उभारायचं. बलभद्र पांढरा, सुभद्रा पिवळी, जगन्नाथ काळा, तिघं शेजारी शेजारी. पांढऱ्या आणि काळ्या रंगात सहज चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) अंतर असतं. बलभद्राला बरोबर एक्स्पोज करा, जगन्नाथाचे फक्त डोळे उरतात, अधांतरी. जगन्नाथाला बरोबर करा, बलभद्राचा चुना होतो. म्हणून सेटवरच्या मूर्तीला शुद्ध रंग द्यायचेच नाहीत. काळ्यात राखाडी-तपकिरी मिसळायची, पांढऱ्यात थोडी पिवडी, आणि जगन्नाथावर एक दिवा अगदी बाजूने, गालाच्या गोलाईवरून घासत जाईल असा. समोरून दिवा मारला की लाकडाचा सपाट फळा होतो. आणखी एक: त्या गोल डोळ्यांना पापणी नाही, त्यामुळे नजर कुठे आहे ते कळत नाही. देव भक्ताकडे बघतोय हे भक्ताच्या क्लोजअपमधूनच सिद्ध करावं लागतं. आजच्या भक्तिपटांत मूर्तीचे डोळे कॉम्प्युटरवर हलवतात, तेव्हा मला गंमत वाटते. सगळं बळ ज्या न हलण्यात आहे, तेच काढून टाकलं.

रथयात्रा मात्र खरीच घ्यावी लागते. रथ दरवर्षी नवे बांधतात आणि नंतर मोडतात, त्यामुळे जाता-येता दोन्हीदा हुकलेला शॉट पुढच्या आषाढात. कृष्णधवलमध्ये रथ ओळखणं हीच पंचाईत. तिन्हींच्या छतात लाल कापड, जोडीला जगन्नाथाच्या रथाला पिवळं, बलभद्राच्या हिरवं, सुभद्रेच्या काळं. लाल आणि हिरवं पडद्यावर जवळपास एकाच राखाडीत उतरतं. चाकं १६, १४ आणि १२, पण गर्दीत ती मोजणार कोण? घोडे बघायचे: जगन्नाथाचे पांढरे, बलभद्राचे काळे. कॅमेरा घोडे दिसतील इतक्या उंचीच्या गच्चीवर लावायचा, त्याहून वर नाही.

द्वितीयेला शॉट बिघडला तर दशमीच्या बाहुडा यात्रेला, म्हणजे परतीच्या प्रवासाला, दुसरी संधी असते. फक्त रथ उलटे जातात. डावीकडून उजवीकडे निघालेला देव पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालू लागतो आणि तो निघाला की परतला ते कळेनासं होतं. तेव्हा कॅमेरा बडदांडाच्या, म्हणजे रथांच्या मोठ्या रस्त्याच्या, समोरच्या बाजूच्या गच्चीवर हलवायचा, दिशा जुळते. सावल्या मात्र उलट्या पडतात. आभाळ भरलेलं असेल तर तेही लक्षात येत नाही.