बाळंतपणाला जाताय? नव्वदात उरका

लेक म्युनिकला आहे, तिला सातवा लागलाय आणि तुम्ही मुलुंडला डिंक तळायला घेतलाय. गॅस बंद करा. आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा आणि पेन्सिल घेऊन बसा.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. त्याच्या २९ देशांत मिळून तुम्हाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. उतरलात तो दिवस धरतात, निघालात तोही धरतात. ही गोष्ट बाळाच्या कानावर वेळेत घाला. समजा, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी तुम्ही पोचलात आणि बाळराजे दहा दिवस उशिरा आले. म्हणजे अठरा दिवस नुसती मेथी निवडण्यात गेले. बारसं होईतो तीस दिवस संपले. शेक, मालिश, धुरी असा सव्वा महिना झाला की छप्पन्न. उरले चौतीस. तेवढ्यात नातू पालथा पडला तर नशीब, नाहीतर ते व्हिडिओ कॉलवर बघा. त्याला लवकर पालथं पडायची सवय लावा, असं मी सुचवणार होतो, पण बाळाला नियम लागू नाहीत. ते तिथेच राहणार आहे.

चार दिवस इकडेतिकडे झाले तर कोण मोजतंय, असं म्हणायचे दिवस गेले. पूर्वी पासपोर्टवर शिक्का बसायचा. तो कधी पुसट, कधी उलटा, कधी थेट थायलंडच्या शिक्क्यावर. अधिकारी चष्मा कपाळावर सरकवून हिशेब करायचा आणि मागची रांग बघून सोडून द्यायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने टप्प्याटप्प्याने यंत्र आणलं आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ते सगळ्या नाक्यांवर बसवायचं ठरवलं. आत कधी आलात, बाहेर कधी गेलात, सगळं तिथे नोंदलं जातं आणि तीन वर्षं जपून ठेवतात. बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच वर्षं. आपल्या सासूबाईंनंतर एवढी पक्की नोंद ठेवणारं मी कोणी पाहिलं नाही.

आता बोटं. व्हिसाच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतात. ते पुढच्या ५९ महिन्यांतल्या अर्जांना चालतात. साठ का नाही, हे विचारू नका. अडचण अशी की चाळीस वर्षं भांडी घासून आणि खवणीवर नारळ खवून तुमच्या बोटांवर रेषा उरल्यात कुठे? आधारच्या वेळी काय झालं होतं ते आठवा. माझ्या मावशीला केंद्रावर सहा वेळा हात पुसून बोटं टेकवायला लावली. सातव्यांदा तिने यंत्रालाच नमस्कार केला. तेव्हा महिनाभर आधीपासून भांडी यजमानांकडे द्या आणि रात्री बोटांना ग्लिसरीन लावून झोपा. यजमान कुरकुरले तर व्हिसाचा नियमच आहे म्हणून सांगा. बाकीचे नियम ऐकल्यावर त्यांना हाही खरा वाटेल.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर तुम्ही परत येणार याचा पुरावा. बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनची कागदपत्रं, परतीच्या तिकिटाचं बुकिंग आणि किमान ३० हजार युरोचा विमा, हे ठीक. पण सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि नव्या घराचा ताबा घ्यायला यायचंय, असं चुकूनही लिहू नका. ती तारीख बिल्डरलाही माहीत नाही. खरा पुरावा एकच: नवरा मुलुंडला एकटा आहे आणि त्याला कुकर लावता येत नाही. दुर्दैवाने अर्जात यासाठी रकाना नाही.

शुल्क ९० युरो. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. वयाची सवलत? सहा वर्षांच्या आतल्यांना माफ आहे, तुमचा चान्स हुकला.

या सगळ्यात एक सुख मात्र आहे आणि ते मनापासून भोगा. इंग्रजालाही आता यंत्रापुढे उभं राहावं लागतं. ३१ जानेवारी २०२० ला त्याने युरोपीय संघ सोडला आणि तो आपल्यासारखाच बाहेरचा झाला. त्याला व्हिसा लागत नाही, म्हणून त्याचे ठसे आधी कुठेच नाहीत. त्यामुळे पहिल्या फेरीला तो सीमेवरच चार बोटं आणि चेहरा देतो. शिवाय २०२६ च्या अखेरीस त्याच्यासाठी, अमेरिकनासाठी आणि अशाच बिनव्हिसावाल्यांसाठी प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी यायची आहे. शुल्क २० युरो, मुदत तीन वर्षं, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. तिकडे या वीस युरोंवरून बरीच कुरबुर आहे म्हणे. ऐकताना चेहरा गंभीर ठेवा.

आणि उगाच जगाला नावं ठेवू नका. या बाबतीत आपण युरोपच्या अकरा दिवस पुढे होतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्याकडे येणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी ऑनलाइन आगमन अर्ज सुरू झाला. सहारला उतरणारा पाहुणा तो निघायच्या आधीच भरतो. बाहेर आल्यावर त्याला रिक्षा मिळेल की नाही, हे त्यात विचारत नाहीत.

तर तुम्ही म्युनिकला उतरलात. डिंकाचे लाडू बॅगेत, गुडघे अवघडलेले. युरोपवाल्यांची रांग भराभर सरकतेय आणि तुम्ही दुसऱ्या रांगेत आहात, जिथे बाकीचं सगळं जग उभं आहे. तुमचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेत, त्यामुळे नवी नोंद फक्त चेहऱ्याची. दोन मिनिटांचं काम. फक्त तुमच्या पुढे तो इंग्रज आहे, साधारण तुमच्याच वयाचा, जन्मभर बागकाम केलेला. यंत्र त्याची बोटं घेत नाही. तो हात पँटला पुसतो, पुन्हा टेकवतो, पुन्हा लाल दिवा. मागे दीडशे माणसं, समोर भिंतीवरचं घड्याळ, आणि तुमच्या नव्वदातला पहिला दिवस चालू झालेला.

पर्समधली ग्लिसरीनची बाटली काढा आणि त्याला द्या. १०० मिलिलिटरच्या आतलीच आणलीय ना?