तालांव मोजून झाले, आता मोडलेली हाडं मोजा

गोव्यात अपघातांवरून विधानसभा तापली की सरकार तालांवांचा, म्हणजे वाहनचालकांना केलेल्या दंडाच्या पावत्यांचा, आकडा पुढे करतं आणि विरोधक खड्डे दाखवतात. मग घरच्या ग्रुपवर मला हमखास प्रश्न येतो, "तुमच्या स्विंडनात कसं काय रे?" स्विंडन म्हणजे मी राहतो ते इंग्लंडमधलं शहर.

बरंच बरं आहे. ब्रिटनच्या साडेसहा कोटी वस्तीत वर्षाला सुमारे 1600 माणसं रस्ते अपघातांत जीव गमावतात. गोव्यात पंधरा-सोळा लाखांत अडीचशे ते तीनशे. गोव्याच्या दराने इथे माणसं मेली असती तर आकडा दहा हजारांवर गेला असता. पण इथलंही कौतुक बेतानेच करावं. 2010 नंतर इथली घट जवळपास थांबलीय आणि याच स्विंडनने 2009 साली वेग टिपणारे कॅमेरे बंद केले होते. शहाणपण काही पासपोर्टासोबत मिळत नाही!

उचलण्यासारखा आहे तो इथला हिशेब. 2016 पासून इथल्या अनेक पोलीस दलांत जखम 'गंभीर' की 'किरकोळ' हे शिपाई आपल्या अंदाजाने ठरवत नाही. तो फक्त कोणती जखम झाली ते नोंदवतो, वर्गवारी संगणक करतो. त्याबरोबर गंभीर जखमींचा आकडा एकदम फुगला. रस्ते बिघडले नव्हते, मोजणी बदलली होती. म्हणून सांख्यिकी विभागाने मागच्या वर्षांचे आकडेही नव्या मापाने पुन्हा मांडले, तेव्हा कुठे तुलना करता आली.

आपल्याकडेही माप बदललंय. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली आणि गंभीर दुखापतीच्या व्याख्येतले, म्हणजे जखमीला तीव्र वेदना होण्याचे किंवा रोजचे व्यवहार न जमण्याचे, वीस दिवस पंधरा झाले. मग आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करायची कशी?

मृत्यूंचंही तसंच. एवढ्याशा राज्यात वीस-पंचवीस इकडेतिकडे झाले तर तो योगायोगही असू शकतो. त्यावर लगेच पाठ थोपटून घेऊ नये. गंभीर जखमी संख्येने जास्त, त्यामुळे उपाय लागू पडला का ते तिथे लवकर कळतं. फोंड्यातल्या माझ्या मावसभावाच्या मांडीत रॉड आहे, दुकान अर्धं वर्ष बंद होतं. पोलिसांच्या आकड्यात तो 'जखमी', बस्स. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या, कागदांत मात्र हाड कुठे मोडलं, किती दिवस खाटेवर होता, सगळं आहे. ही दोन दप्तरं नाव झाकून जोडायला किती खर्च येईल? माझ्या अंदाजाने सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांपेक्षा कमीच.

आणि तालांवच मोजायचे तर सगळ्यांचे मोजा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198अ आलं: सदोष रस्त्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला तर ठेकेदाराला, जबाबदार अधिकारिणीला एक लाखापर्यंत दंड. हेल्मेट न घालणाऱ्यांच्या तालांवांचा आकडा मंत्र्यांना तोंडपाठ असतो. पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने 198अ खालच्या दंडांचा हा दुसरा आकडा तालुकावार मागावा.